पडद्यावरची चिनी डोकी मोजून भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुमच्या फिल्म सोसायटीत १९७४ चा 'द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स' दाखवायचं ठरलंय, त्याचं दोन पानी टिपण तुमच्या गळ्यात पडलंय आणि कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, त्या काळाच्या मानाने चित्रपट पुढारलेला आहे. निम्म्याहून अधिक मंडळी चिनी, दोन-दोन आंतरवंशीय प्रेमप्रकरणं, पुरुषांच्या बरोबरीने लढणारी मुलगी. दुसरा तट म्हणतो, कसलं काय, शेवटी गोरा प्रोफेसर येतो आणि चिनी गावाला वाचवतो. यातलं कुठलं लिहायचं?

घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. पहिला तट पडद्यावर कोण कोण दिसतं ते मोजतोय आणि दुसरा शेवट कोणाच्या हातून होतो ते बघतोय. या चित्रपटात बोलण्याची सत्ता एका गटाकडे आहे आणि लढण्याची दुसऱ्याकडे, आणि ही दोन्ही कामं कॅमेऱ्यामागेही वेगवेगळ्या माणसांनी केली आहेत. हे एकदा ध्यानात आलं की टिपण सरळ लिहिता येतं. तुमच्या सभासदांना भयपट नवे आहेत की मारामारीचे चित्रपट नवे आहेत, यावर कुठे किती सांगायचं ते अवलंबून राहील. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं अधांतरी राहतं. लंडनची हॅमर ही भयपटांची कंपनी आणि हाँगकाँगची शॉ ब्रदर्स यांची ही भागीदारी. १९७३ मध्ये पश्चिमेत कुंग फूची लाट आली होती आणि हॅमरचे गॉथिक भयपट मात्र पूर्वीसारखे चालेनासे झाले होते. चित्रण हाँगकाँगला, शॉच्या क्लिअरवॉटर बेच्या स्टुडिओत आणि आसपास झालं. दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर, पटकथा डॉन हॉटन, निर्माते हॉटन आणि व्ही किंग शॉ. शॉकडून चांग चेह या त्यांच्या हुकमी दिग्दर्शकानेही काही भाग सांभाळला, पण इंग्रजी श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. मारामारी बसवली तांग चिया आणि लाउ कार-लेउंग यांनी. लाउ हा हंग गार या कुंग फूच्या शैलीच्या परंपरेतला. त्याच्या वडिलांचा गुरू लाम साय-विंग आणि लामचा गुरू वाँग फेइ-हंग हा दंतकथा बनलेला कुंग फू उस्ताद, अशी थेट गुरुपरंपरा. म्हणजे पडद्यावर जी चिनी विद्या दिसते ती दाखवायला बसवलेले लोक पोशाखापुरते आणलेले नव्हते. टिपणात ही नावं आलीच पाहिजेत. 'विविधता' म्हणून नटांची यादी द्यायची आणि मारामारी बसवणाऱ्यांना वगळायचं, ही या चित्रपटावरच्या लिखाणातली सर्रास दिसणारी खोट आहे.

आता सर्वांत आधी करायचं काम म्हणजे तुमच्याकडची प्रत तपासा. ब्रिटिश आवृत्ती सुमारे ८९ मिनिटांची आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये 'द सेव्हन ब्रदर्स मीट ड्रॅक्युला' या नावाने आली ती सुमारे ७५ मिनिटांची, आणि तिच्यात नुसती काटछाट नाही, प्रसंगांचा क्रमही हलवलेला आहे. गंमत बघा, नावात भाऊ पुढे आले आणि ते लढतात कशासाठी ही गोष्टच पातळ झाली. ही छोटी प्रत बघून कोणी 'चिनी पात्रांना पार्श्वभूमीच नाही' असं लिहिलं, तर तो ठपका मूळ चित्रपटाचा की कातरीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून आधी प्रतीची लांबी मोजा. प्रत ७५ मिनिटांच्या आसपास भरली तर ती दाखवू नका, किंवा टिपणाच्या पहिल्याच ओळीत तसं सांगा.

मग चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा आवाजासह, दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. जवळ एक कागद ठेवा, प्रत्येक प्रसंगाला एक ओळ आणि पाच रकाने : माहिती कोण देतं, निर्णय कोण घेतं, पहिला वार कोण करतं, मरतं कोण, आणि प्रसंग कोणाच्या चेहऱ्यावर संपतो. संवादांची वाक्यं मोजत बसू नका. आंतरराष्ट्रीय भागीदारीच्या चित्रपटात तो आकडा हमखास फसवतो. शॉच्या स्टुडिओत तेव्हा आवाज मागाहून भरायची रीत होती, आणि ज्यांची रोजची भाषा इंग्रजी नाही अशा नटांना लेखक मुळातच तोकडी वाक्यं देतो. इथे तर ड्रॅक्युलाचा आवाजही पडद्यावरच्या नटाचा नाही. जॉन फोर्ब्स-रॉबर्टसनच्या तोंडी डेव्हिड डी कायझरचा आवाज भरलाय. तेव्हा 'कोण किती बोललं' यापेक्षा 'कोणाच्या बोलण्याने गोष्ट पुढे सरकली' ते टिपा.

या पाच रकान्यांत काय जमतं ते एका प्रसंगावरून दाखवतो. काळ १९०४, ठिकाण चीनमधलं चुंगकिंग. व्हॅन हेल्सिंग हा ड्रॅक्युलाचा जुना वैरी असलेला युरोपीय प्रोफेसर, म्हणजे पीटर कुशिंग, विद्यापीठात व्याख्यान देतोय. विषय : दूरच्या एका गावाला छळणारे सात सोनेरी पिशाच्च, आणि त्यांच्यावर एकट्याने चालून गेलेला एक शेतकरी. तो शेतकरी देवळात शिरतो, लढतो, एका पिशाच्चाच्या गळ्यातलं सोनेरी पदक ओरबाडून पळतो आणि ते वाटेवरच्या बुद्धमूर्तीपाशी ठेवतो. पदक घ्यायला आलेला पिशाच्च मूर्तीला हात लागताच जळून जातो. व्याख्यान संपताच चिनी श्रोते हसत, कुत्सितपणे उठून जातात. मागे राहतो तो सी चिंग (डेव्हिड चियांग). तो शेतकरी म्हणजे त्याचाच आजा. पुढे व्हॅन हेल्सिंग, त्याचा मुलगा लेलँड आणि सी चिंगची भावंडं त्या गावाला सोडवायच्या मोहिमेवर निघतात.

हा प्रसंग नेहमीच्या साच्याच्या उलटा आहे. एरवी गोरा विद्वान शंका घेतो आणि स्थानिक माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवतो. इथे शिकलेले चिनी लोक 'या भाकडकथा आमच्या माथी मारू नका' म्हणून उठून जातात आणि श्रद्धा ठेवतो युरोपीय माणूस. पहिल्या तटाला हा मुद्दा जरूर द्या. पण आता पहिला रकाना भरा : माहिती कोणी दिली? आजोबाची गोष्ट नातवाच्या घरची, पडद्यावर ती उलगडते मात्र व्हॅन हेल्सिंगच्या आवाजात. सात पिशाच्चांतल्या पहिल्याचा अंत एका चिनी शेतकऱ्यामुळे, एकाही युरोपीय माणसाच्या मदतीविना झाला, हे चित्रपट स्वतः दाखवतो आणि पुढे विसरून जातो. पुढच्या तासाभरात क्रॉसऐवजी इथे बुद्धाची प्रतिमा चालते, हेही चिनी मंडळींना पाहुणाच सांगतो. ज्यांच्या आजाने हे करून दाखवलं त्यांना हे ऐकून घ्यावं लागतं. माझ्या मते 'गोरा तारणहार' या आक्षेपाचा खरा पुरावा शेवटच्या वारात नाही, तो या व्याख्यानात आहे.

आता आवाज बंद करून मारामारीकडे या. इथे सगळं पारडंच फिरतं. सी चिंग धरून सात भाऊ, एक बहीण, आणि ज्याचं त्याचं शस्त्र वेगळं. बाकी भावांना संवाद जवळजवळ नाहीतच, तरी तुम्ही त्यांना एकमेकांपासून वेगळं ओळखता, कारण त्यांची ओळख हालचालीत आहे. धनुष्यवाला अंतर राखून असतो, जड शस्त्रवाला जागा रिकामी करत पुढे सरकतो. शॉच्या पठडीत लढणाऱ्याचं अख्खं शरीर, डोक्यापासून पावलापर्यंत, चौकटीत ठेवतात आणि कट येण्याआधी दोन-चार वार-प्रतिवार एका दमात होऊ देतात. याचं कारण सरळ आहे : नट खरोखर करू शकतो. जिथे करू शकत नाही तिथे कट पटापट येतात, चेहरा आणि हात वेगवेगळ्या शॉटमध्ये येतात. कुशिंग आणि लेलँड झालेला रॉबिन स्ट्युअर्ट लढाईत शिरतात तेव्हाचे तुकडे आणि डेव्हिड चियांगचे तुकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. कुशिंगचा जन्म १९१३ चा, म्हणजे चित्रणावेळी तो साठीचा. त्याच्या हाती प्रामुख्याने जळती लाकडं आणि ढकलाढकली आली, यात त्याचा दोष नाही. पण परिणाम असा की बैठकीत ज्याचा शब्द अखेरचा, तोच माणूस रणात इतरांच्या आडोशाला असतो. आवाज बंद केल्यावर हा चित्रपट सी भावंडांचा आहे, हे कोणीही मान्य करेल.

सभागृहात हे दाखवायचं असेल तर गुहेतली लढाई निवडा. पाच मिनिटं पुरतात. आधी मूक, मग आवाजासह. सभासदांना फक्त एवढंच विचारा की कोणाकडे बघत होतात.

प्रेमप्रकरणांबद्दल पहिल्या तटाने थोडी घाई केली आहे. जोड्या दोन : सी चिंग आणि व्हॅनेसा (नॉर्वेची ज्युली एगे, जिच्या पात्राच्या पैशावर मोहीम निघते), आणि व्हॅन हेल्सिंगचा मुलगा लेलँड व मेइ क्वेइ (शिह सू). हॉलिवूडच्या जुन्या आचारसंहितेखाली गोऱ्या आणि इतर वंशांच्या माणसांचं प्रेम दाखवणं अनेक दशकं जवळपास अशक्य होतं. ती संहिता १९६८ मध्ये गेली. त्या हिशेबाने चिनी पुरुष आणि युरोपीय स्त्री यांचं प्रेम, तेही चेष्टेचा सूर न लावता, ही १९७४ मध्ये लहान गोष्ट नव्हती. पण चौथा रकाना बघा : मरतं कोण? व्हॅनेसाला पिशाच्च चावतो, ती बदलते, सी चिंगला चावते, आणि तो तिला मिठीत घेऊन टोकदार खुंटावर स्वतःला झोकून देतो. दोघंही संपतात. लेलँड आणि मेइ क्वेइ मात्र वाचतात. म्हणजे गोरा पुरुष आणि आशियाई स्त्री ही जोडी शेवटपर्यंत जाते, उलटी जोडी जात नाही. हा हेतुपुरस्सर संदेश होता असं लिहू नका, ते सिद्ध करता येणार नाही. तसाच घाट त्या काळच्या इतर चित्रपटांतही सापडतो एवढं लिहिलं तर कोणी हरकत घेणार नाही. सी चिंगच्या मृत्यूची दुसरी बाजूही सांगा : निर्णय त्याचा स्वतःचा आहे आणि चित्रपटातला सर्वांत ठाम क्षण तोच आहे. चांग चेहच्या चित्रपटांत नायक असेच देह ठेवतात. शॉच्या नेहमीच्या प्रेक्षकाला तो नायकाचा सन्मान वाटला असेल आणि लंडनच्या प्रेक्षकाला बळी. एकाच शॉटचे हे दोन अर्थ टिपणात ठेवा, एक निवडायची गरज नाही.

मेइ क्वेइचा हिशेब झटकन होतो. चित्रपटाचा बराच भाग ती भावांच्या खांद्याला खांदा लावून लढते. शेवटी उरलेला पिशाच्च तिला घोड्यावर टाकून देवळात नेतो आणि लेलँड पाठलाग करतो. जिला आपण तलवार चालवताना पाहिलं ती शेवटच्या दहा मिनिटांत सोडवायची वस्तू होते. शिवाय देवळात रक्तासाठी बांधून ठेवलेल्या, कपडे फाडलेल्या गावातल्या मुली आहेतच. त्यांना नाव नाही आणि किंचाळण्यापलीकडे आवाज नाही. 'लढणारी स्त्री' हा मुद्दा लिहिताना या मुली विसरू नका, एकाच देवळातल्या आहेत सगळ्या.

भयपट म्हणून खरा कस लागतो तो मात्र भुताच्या मालकीवर, आणि यावर मी थोडा जास्त वेळ घालवेन. सुरुवात आठवा. १८०४, ट्रान्सिल्व्हेनिया. 'का' या नावाचा चिनी पुजारी (चान शेन) ड्रॅक्युलाच्या गढीत येतो आणि विनवतो की माझे सात पिशाच्च निद्रिस्त पडलेत, त्यांना उठव. ड्रॅक्युला उठवायला कबूल होतो, पण स्वतः त्या पुजाऱ्याच्या देहात शिरून चीनला निघतो. म्हणजे स्थानिक दुष्टाव्यालाही स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, त्याला युरोपातून मालक लागतो. भूतही आयातीचं, मांत्रिकही आयातीचा. मग चिनी लोकांकडे राहिलं काय, तर देह : पछाडलेला, रक्त काढलेला किंवा लढणारा.

इथे एक वाचन फार मोहात पाडतं. १८४२ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडे गेलं, १९०० मध्ये चीनमध्ये परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव झाला, चित्रपटाची गोष्ट १९०४ ची आणि चित्रण ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगमध्ये. चिनी शरीरात घुसून गावकऱ्यांचं रक्त पिणारा युरोपीय सरदार, हे वसाहतवादाचं रूपक नाही तर काय? रूपक म्हणून लिहा, पण 'चित्रपट असं म्हणतो' असं लिहू नका. पटकथेने त्या दिशेने एकही पाऊल टाकलेलं नाही. तिला साध्या तारखांचंही फारसं पडलेलं दिसत नाही : ड्रॅक्युला १८०४ पासून पुजाऱ्याच्या वेषात चीनमध्ये आहे, तर व्हॅन हेल्सिंगची त्याच्याशी युरोपात गाठ पडली कधी?

भुतांचं रूपही पाहा. चिनी लोककथांतलं प्रेत, ज्याला जियांगशी म्हणतात, ते ताठरलेलं असतं, हात पुढे करून दोन्ही पायांनी उड्या मारत येतं. नंतरच्या हाँगकाँगी चित्रपटांत त्याच्या अंगावर चिंग राजघराण्याच्या अमलातल्या अधिकाऱ्याचा झगा आणि कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद असतो. इथले सात जण सोनेरी मुखवटे घालून घोड्यावरून येतात, त्यांचा साचा युरोपीय रक्तपिपासूचाच. थडग्यांतून उठणाऱ्या त्यांच्या फौजेच्या उसळत्या चालीत मात्र जियांगशीची ओळख लागते. मुख्य भुतं लंडनच्या वळणाची आणि प्यादी स्थानिक. इथेसुद्धा तीच उतरंड.

हे नुसतं सांगून सभासदांना पटणार नाही, म्हणून जोडीला हाँगकाँगचा स्वतःचा एखादा चित्रपट दाखवा. सॅमो हंगने १९८० मध्ये 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड' केला, आणि त्याच्याच निर्मितीत रिकी लाउने १९८५ मध्ये 'मिस्टर व्हॅम्पायर'. दुसरा जास्त सोयीचा, हलकाफुलका आहे. त्यात भुताचं ज्ञान ताओ पंथाच्या पुजाऱ्याकडे आहे (लाम चिंग-यिंग), आणि ते ज्ञान कामाचं, मोजमापाचं आहे : जियांगशी श्वासावरून माणूस हुडकतो म्हणून श्वास रोखायचा, विषबाधा उतरवायला चिकट तांदूळ वापरायचा. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि उपाय फसतो. याच पुजाऱ्याला पाश्चात्त्य पद्धतीच्या उपाहारगृहात कॉफी कशी प्यायची ते कळत नाही, आणि चित्रपट त्याला हसू देतो. परकं काय आणि आपलं काय, हे ठरवणारा माणूस बदलला की विनोदाची जागाही बदलते. १९७४ च्या चित्रपटात चिनी पुजारी खलनायक आणि ज्ञानी पाहुणा, इथे पुजारीच घरचा ज्ञानी. शेजारीशेजारी पाहिल्यावर ज्या गोष्टीसाठी दोन पानं लागली असती ती वीस मिनिटांत लक्षात येते. आधी १९७४ चा, मग १९८५ चा, हा क्रम पाळा. उलटा लावलात तर पहिला चित्रपट नुसता हास्यास्पद वाटतो आणि त्यातली मारामारीची करामत कोणी बघत नाही.

टिपण लिहिताना हमखास घसरायच्या जागा तीन. पहिली, 'चिनी' हा एकच गठ्ठा धरणं. गोष्ट चुंगकिंगची, चित्रण हाँगकाँगचं, डेव्हिड चियांगचा जन्म सुझोऊचा, शिह सू तैवानची, आणि शॉचे बहुतेक चित्रपट तेव्हा मँडरिन भाषेत निघायचे, जेव्हा हाँगकाँगचा रस्ता कँटोनीज बोलत होता. 'स्थानिक' म्हणजे नेमकं कुठलं, हे लिहा. दुसरी, हेतू गृहीत धरणं. बऱ्याच गोष्टी पैशाच्या आणि वेळेच्या गणितातून होतात : कुशिंगचं नाव ब्रिटनमध्ये तिकिटं खपवतं म्हणून ज्ञान त्याच्याकडे जातं, आणि चियांगचं नाव आग्नेय आशियात खपतं म्हणून लढाया त्याच्याकडे. यातून कोणी सुटत नाही, पण कारण कळतं. तिसरी, चांगल्या-वाईटाची गुणपत्रिका काढणं. सात पैकी पाच गुण दिल्याने वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही.

दोन पानांची वाटणी साधारण अशी ठेवा : निर्मितीची माहिती आणि प्रतीची लांबी सहा-सात ओळींत, व्याख्यानाचा प्रसंग अर्धं पान, गुहेतली लढाई अर्धं पान, दोन जोड्या आणि मेइ क्वेइ मिळून पाव पान, उरलेलं सगळं भुताच्या मालकीला. चांग चेह, तांग चिया आणि लाउ कार-लेउंग ही नावं तळटीपेत ढकलू नका, दिग्दर्शकाच्या ओळीतच घ्या. दोन तटांना एकत्र बसवायचं असेल तर चर्चेच्या आधी प्रत्येकाला पाच रकान्यांचा कोरा कागद द्या आणि मध्यंतरात भरून घ्या. भरलेले कागद हातात असले की चर्चा निदान पडद्यावर घडलेल्या गोष्टींवर होते.